पूरमदतीचा नकाशा करताना या चुका टाळा

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला पूर आला, तेव्हा दूरच्या शहरांत बसलेल्या अनेक तरुणांनी मदतीसाठी ऑनलाइन नकाशे तयार केले. त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. परंतु चुका दर वेळी त्याच होतात आणि त्यांची किंमत नकाशा करणाऱ्याला नव्हे, तर पाण्यात अडकलेल्याला मोजावी लागते.

सर्चमधले पहिले गाव खरे मानणे

ही सर्वांत जुनी आणि सर्वांत महागडी चूक आहे. २०१९ च्या पुरात आमच्या गटाकडे निरोप आला की, कवठ्यात माणसे अडकली आहेत, पिण्याचे पाणी आणि सुके खाणे पाठवा. एका उत्साही कार्यकर्त्याने सर्चमध्ये ‘कवठे’ लिहिले, वर आलेला कवठेमहांकाळचा पर्याय निवडला आणि तिथे लाल पिन लावून टाकली. सोलापूरहून निघालेला टेम्पो त्या पिनच्या भरवशावर थेट कवठेमहांकाळला पोहोचला. हा दुष्काळी म्हणून ओळखला जाणारा तालुका. कृष्णेचा पूर तिथे येण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे पाण्याच्या बाटल्या उतरवायला आलेली मंडळी पाहून तिथले लोक चक्रावले. निरोप होता तो कवठेपिरानचा, म्हणजे मिरज तालुक्यातल्या, कृष्णा आणि वारणा यांच्या मधल्या गावाचा, हिंदकेसरी मारुती माने यांच्या गावाचा. टेम्पो माघारी वळेपर्यंत सांगलीच्या पलीकडे जाण्याची वाट बंद झाली होती.

याच सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात, दसऱ्याच्या आतषबाजीसाठी प्रसिद्ध असलेले कवठेएकंदही आहे. कसबे डिग्रज आणि मौजे डिग्रज ही दोन वेगळी गावे आहेत. शिरोळ हा कोल्हापूर जिल्ह्यातला तालुका, शिरोली पुलाची हे महामार्गावरचे गाव आणि शिराळा सांगली जिल्ह्यात; इंग्रजी अक्षरांत घाईने लिहिलेल्या निरोपात या तिन्हींचा घोळ होणे अटळ असते. वडगावे किती आहेत, हे मोजायला तर बसूच नये. म्हणून तालुका कळल्याशिवाय मी पिन लावत नाही आणि निरोप देणाऱ्याला दोन प्रश्न हमखास विचारतो: गाव नदीच्या कोणत्या काठाला आहे, आणि तिथे एसटी कोणत्या आगारातून येते? हे विचारायला दोन मिनिटे लागतात. तेवढाही धीर नसलेल्याने नकाशाऐवजी सामान भरण्याचे काम घ्यावे. त्यानंतर २०११ च्या जनगणनेतला गावाचा सांकेतिक क्रमांक नोंदीत लिहावा, म्हणजे स्पेलिंगचा वाद उरत नाही.

पाठवणाऱ्याचे ठिकाण म्हणजे अडकलेल्याचे ठिकाण नव्हे

गावातल्या आईवडिलांसाठी मदत मागणारा मुलगा बहुधा पुण्यात किंवा मुंबईत असतो आणि व्हॉट्सअॅपवरून ‘करंट लोकेशन’ पाठवतो ते स्वतःचे. कोथरूडमध्ये बोट मागणारी पिन दिसली, तर हसण्याआधी त्याला फोन करावा.

अंशांचा गोंधळ

सांगलीचे अक्षांश-रेखांश साधारण १६.८५ आणि ७४.५८ आहेत. गूगल मॅप्समध्ये आधी अक्षांश लिहितात, तर जिओजेसन या नकाशाची माहिती साठवणाऱ्या फाइलमध्ये आधी रेखांश. हा क्रम उलटला की सांगली नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंडजवळच्या समुद्रात जाते. ही चूक निदान डोळ्यांत भरते. खरी धोकादायक चूक म्हणजे १६ अंश ५१ मिनिटे हे १६.५१ असे आणि ७४ अंश ३५ मिनिटे हे ७४.३५ असे लिहिणे, कारण मग पिन कागल आणि निपाणी यांच्या मध्ये कुठेतरी पडते आणि ती पटण्यासारखी दिसते. मिनिटांना साठाने भागायचे असते, हे शाळेत शिकवलेले आहे.

उपग्रहचित्र म्हणजे आजची परिस्थिती असे समजणे

नकाशात पिनांच्या मागे दिसणारे स्वच्छ उपग्रहचित्र बहुतेकदा कोरड्या ऋतूतले असते, कारण पावसाळ्यात ढगांमुळे साध्या कॅमेऱ्याला जमीन दिसतच नाही. त्यासाठी सेंटिनेल-१ सारख्या उपग्रहांचे रडार उपयोगी पडते. परंतु रडारचित्रातला पूर हा उपग्रह वरून गेला त्या क्षणाचा असतो आणि पुढचे चित्र काही दिवसांनी येते. शिवाय उंच उसाच्या फडात पाणी शिरले, तरी रडारला पाण्याचा सपाट पृष्ठभाग न दिसता ऊसच दिसू शकतो आणि ते शिवार कोरडे ठरते. कृष्णाकाठी ऊस किती आहे, हे सांगायला नको. त्यामुळे चित्रात पूर दाखवणाऱ्या निळ्या रंगाच्या बाहेरचा भाग सुरक्षित आहे, असे मी कधीच धरत नाही. तिथल्या तलाठ्याचा किंवा पोलीस पाटलाचा शब्द चित्रापेक्षा वरचढ मानतो. जुन्या आठवणीही अशाच फसव्या असतात. २००५ च्या पुरात हा रस्ता बुडाला नव्हता, असे सांगणारे अनेक जण २०१९ मध्ये भेटले. पण सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असताना त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर, म्हणजे २००५ पेक्षाही वर गेले होते.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगता येतील. प्रत्येक पिनवर वेळ लिहावी, नाहीतर सकाळी चालू असलेला पूल संध्याकाळीही चालूच दिसतो. मदत पोहोचलेली पिन पुसू नये, तिचा रंग बदलावा. पुसली की फिरत राहिलेला जुना संदेश वाचून कोणीतरी ती पुन्हा लावतो. नकाशा बदलण्याचा अधिकार लिंक असलेल्या प्रत्येकाला देऊ नये. रंगसंगती आणि चिन्हे यांवर रात्र घालवू नये. त्या वेळात टेम्पोचालकाच्या फोनवर इंटरनेटशिवाय चालणाऱ्या ऑर्गॅनिक मॅप्स या अॅपमधला त्या भागाचा नकाशा उतरवून द्यावा, कारण पुरात टॉवर बंद पडतात. अडकलेल्यांची नावे आणि फोन नंबर सार्वजनिक नकाशावर मुळीच टाकू नयेत, विशेषतः एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे आणि स्त्रियांचे. ते वेगळ्या यादीत, समन्वय करणाऱ्या दोघांतिघांकडेच असावेत आणि पिनवर फक्त यादीतला क्रमांक असावा.