ओळखीच्या कथेला स्वतःचे रूप कसे द्यावे

यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या खेड्यांत लिहू लागलेल्या लेखकाच्या पहिल्या चार-सहा कथा बहुधा ठरलेल्या विषयांवर असतात: धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भावाभावांत पेटलेला वाद, कर्जात अडकलेला कास्तकार, शिकायला नागपूरला गेलेला आणि गावाला परका झालेला मुलगा, जातीबाहेर जुळलेले प्रेम. हे विषय फार लिहून झाले आहेत, तेव्हा कोणाला न सुचलेले कथानक शोधावे, असा सल्ला त्याला हमखास मिळतो. हा सल्ला मला घातक वाटतो, कारण तो मानला की लेखक आपल्याला खोलवर माहीत असलेले जग सोडून देतो आणि नवलाईच्या मागे लागून अर्धवट माहितीच्या जगात शिरतो.

गोष्ट ओळखीची आहे म्हणून वाचक पाठ फिरवत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागातल्या झाडीपट्टी रंगभूमीचा प्रेक्षक दिवाळीनंतरच्या थंडीत घरून चादर-घोंगडी आणून रात्रभर नाटक पाहतो. नाटकात बहुतेक वेळा घर असते, घरात फूट पडते आणि अखेरीस कोण कोणाच्या पाया पडणार, हे त्याला पहिल्या अंकातच कळलेले असते. तरीही तो पहाटेपर्यंत उठत नाही, कारण ‘पुढे काय’ यापेक्षा ‘हे माणूस आता नेमके कसे वागेल’ यात त्याचा जीव गुंतलेला असतो. कथालेखकाने आपले सगळे लक्ष याच ‘कसे’वर ठेवावे.

कथा शिळी होते ती तिच्यातल्या आयत्या निर्णयांमुळे. मोठा भाऊ लबाड, धाकटा भोळा, आई अंथरुणाला खिळलेली, शेवटी चितेसमोर मिठी: यांतले काहीच लेखकाने ठरवलेले नसते, ते विषयाबरोबर आपोआप येते. म्हणून सुचलेली कथा प्रथम जशी येईल तशी दहा-बारा ओळींत लिहून काढावी, लाजू नये, आणि मग जे जे विचार न करता उतरले त्याखाली रेघ मारावी. रेघा पुष्कळ पडतील. सगळ्या खोडायच्या नसतात. दोन किंवा तीन ठिकाणी आयते उत्तर काढून तिथे नवे उत्तर शोधले तरी उरलेली कथा हलू लागते.

हे नवे उत्तर कल्पनेला ताण देऊन सहसा मिळत नाही. ते कामात दडलेले असते: ते काम कोण करतो, कशाने करतो, कोणत्या वेळी, कोणाच्या परवानगीने आणि कोणाच्या पैशाने. धुऱ्याच्या वादाचेच उदाहरण सविस्तर पाहू.

वाटणी झाली, धुरा पडला, बोलणे बंद झाले. इथवर सगळे ओळखीचे आहे. आता विचारावे, की वाटणीत काय वाटले गेले नाही? विहीर. सातबाऱ्यावर ती सामाईक आहे, मोटर एकच आहे आणि विजेचे कनेक्शन अजूनही वारलेल्या वडिलांच्या नावाने आहे. विहिरीवरून दोन पाइपलाइन निघतात आणि प्रत्येकीला एक कॉक आहे. एक बंद करून दुसरा उघडला की पाणी इकडचे तिकडे जाते. सोयाबीन निघून दोन्ही वावरांत हरभरा उभा आहे. शेतीची वीज पाळीने काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते, आणि या आठवड्यात ती रात्रीची आहे. म्हणजे एकमेकांचे तोंड न पाहणारी दोन माणसे कडाक्याच्या थंडीत एकाच विहिरीवर, एकाच स्टार्टरच्या पेटीपाशी येणार आहेत. लेखकाने काहीही बनवलेले नाही. त्याने फक्त विहीर नीट पाहिली.

पुढे जाऊ. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांमुळे धाकटा जागलीला, म्हणजे रात्रीच्या राखणीला, वावरातच आहे. मध्यरात्र उलटून गेल्यावर त्याच्या लक्षात येते, की पाळी मोठ्याची आहे, मोटर चालू आहे, पण मोठा भाऊ घरी गेला आहे किंवा वावरातल्या झोपडीत झोपी गेला आहे, आणि भिजून झालेल्या वाफ्यांतच पाणी साचत चालले आहे. हरभऱ्याला पाणी जास्त झाले की तो उबळतो, म्हणजे उभा वाळतो, हे दोघांनाही पाठ आहे. धाकट्यापुढे आता चार वाटा आहेत: पाहून न पाहिल्यासारखे करायचे, भावाचा कॉक बंद करून पाणी आपल्याकडे वळवायचे, मोटरच बंद करायची, किंवा जाऊन त्याला उठवायचे. शेवटची वाट सर्वांत सोपी दिसते, परंतु तिच्यासाठी तोंड उघडावे लागते, आणि दोन वर्षांत ते उघडलेले नाही. समजा, तो मोटर बंद करतो. स्वतःकडे पाण्याचा थेंबही घेत नाही. सकाळी मोठा येतो, त्याला आपल्या पाळीत बंद पडलेली मोटर दिसते, आणि ती कोणी बंद केली हे विचारण्याची त्याला गरज वाटत नाही. पीक वाचवणारी कृतीच वैराचा पुरावा ठरते. इथे कोणी लबाड नाही, कोणी भोळा नाही, आई मरणाच्या दारात नाही. तरी भावाभावांच्या वादाच्या शेकडो गोष्टी ऐकलेला वाचक या सकाळी पुढे काय होईल, हे सांगू शकणार नाही.

शेतकरी आत्महत्येच्या कथेबाबत मी अधिक आग्रहाने सांगेन, कारण विदर्भातला लेखक म्हटले की ती त्याच्याकडून अपेक्षिलेलीच असते. पाऊस दगा देतो, सावकार दारात येतो, फवारणीचा डबा रिकामा सापडतो, बायको हंबरडा फोडते आणि कथा संपते. प्रत्यक्षात त्या घरात पुष्कळ काही त्यानंतर सुरू होते. शासनाच्या मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र, हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ठरवते. शेती कोणाच्या नावावर होती, कर्ज कोणाचे होते, ते थकले होते का, याची चौकशी होते. वर्षानुवर्षे चालत आलेली ही मदत १ लाख रुपयांची आहे. तिच्यातले ३० हजार रोख मिळतात आणि ७० हजार ठेवीत ठेवले जातात. सातबारा सासऱ्याच्या नावे असेल तर विधवा सुनेला एका संध्याकाळी त्यांच्यापुढे उभे राहून म्हणावे लागेल, “मामाजी, कागद पाहिजे होता.” मुलगा गमावलेला म्हातारा आणि नवरा गमावलेली बाई यांच्यामध्ये आलेला तो कागद, ही कथा आहे, आणि तिच्यात एकही अश्रू वर्णावा लागत नाही. मात्र असे लिहिताना शेजारचे दुःख ओळखू येईल अशा रीतीने उचलू नये. गाव, नाते, पीक, वर्ष बदलावे आणि तरीही कोणाला बोचेल असे वाटले तर ती कथा बाजूला ठेवावी.

काळाची निवडही पुष्कळ काम करते. प्रेमकथा ‘एके दिवशी’ घडत असेल तर ती कोठलीही होते. ती कापूस वेचणीच्या दिवसांत घडली, की वेचाई किलोवर मिळते आणि वेचताना बोलत उभे राहिले तर मजुरी बुडते, म्हणून मुलीच्या प्रत्येक वाक्याला किंमत येते. वर्षाच्या करारावर राबणाऱ्या सालगड्याचे (सालदाराचे) साल गुढीपाडव्याला संपते. मालक आणि सालदार यांची कथा पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात ठेवली तर दोघांच्याही मनात चाललेला हिशेब वेगळा सांगावा लागत नाही.

बोलीबद्दल थोडेच सांगतो. ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ पेरल्याने कथा वऱ्हाडी होत नाही. धाकट्याने सकाळी “मोटर मीच बंद केली” म्हणावे की “काहून विचारून राहिला? पाहा ना चना जाऊन” म्हणावे, यात बोलीपेक्षा स्वभावाचा फरक आहे, स्वभाव ठरला की बोली आपोआप बरोबर येते. आणि झाडीपट्टीतल्या पात्राच्या तोंडी वऱ्हाडी घालू नये, तिकडची झाडीबोली वेगळी आहे.

शेवट लिहिण्याआधी ओळखीच्या कथेचा ठरलेला शेवट एका कागदावर मांडून समोर ठेवावा. तो टाळायलाच हवा असे नाही. भावांचा समेट व्हायचा असेल तर होऊ द्यावा, पण त्या रात्रीच्या मोटरीमुळे काय बदलले, हे त्या समेटातून दिसले पाहिजे. तसे दिसत नसेल तर तो समेट दुसऱ्या कोणाच्या कथेतून आलेला आहे. खर्डा पूर्ण झाल्यावर तो साहित्यिक मित्राच्या आधी ओलित करणाऱ्या एखाद्या कास्तकाराला वाचून दाखवावा आणि ‘कथा कशी वाटली’ असे न विचारता ‘यात काय चुकले’ असे विचारावे. कॉक तिथे नसतो, इतक्या थंडीत माणूस आधी शेकोटीकडे जाईल, मोटर बंद केल्याचा आवाज मोठ्याला झोपेतही कळेल, अशी उत्तरे येतील. या शेवटच्या उत्तरासारखे एखादे मिळाले, तर मोठ्याला रात्रीच कळले होते आणि तरी तो उठला नाही, असे धरून कथा पुन्हा लिहायला बसावे.