बॅटरी गेली म्हणण्याआधी: दुचाकीवाल्यांनो, या चुका टाळा

सकाळी शटर अर्धं वर गेलं की पहिलं गिऱ्हाईक ठरलेलं. गाडी ढकलत आणलेली, शर्ट घामाने भिजलेला, आणि तोंडात एकच वाक्य, "बॅटरी गेली, नवी बसवा." कशावरून गेली? "सेल्फ उचलत नाही ना." संपला पुरावा. बीड-परळी रस्त्यावर वडवणीत मी पंधरा-सोळा वर्षं बॅटऱ्यांचंच काम करतोय. मागच्या पावसाळ्यात एक जण चार किलोमीटर गाडी ढकलत आला. हॉर्न खणखणीत, इंडिकेटर झकास, सेल्फ मात्र मुका. त्याच्या पोराने खेळता खेळता हँडलवरचा लाल स्विच बंद करून ठेवला होता. मी अंगठ्याने स्विच दाबला, गाडी चालू. बिचारा हसेना आणि बोलेना.

हॉर्न जोरात वाजतोय आणि सेल्फ अजिबात हूं की चूं करत नसेल, तर आधी तो लाल स्विच, क्लचचा स्विच आणि साइड स्टँड बघा. बटण दाबल्यावर कट-कट आवाज येऊन मीटरचा उजेड मंदावत असेल, तर मग बॅटरीकडे वळा. तेही लगेच बदलायला नाही, मोजायला.

न मोजता बॅटरी बदलणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. नावडती अशासाठी, की ती मीही केलेली आहे.

जवळच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर एक गुरुजी आहेत. दीडशे सीसीची गाडी, रोजचं चाळीस-पन्नास किलोमीटरचं जाणं-येणं. आठ महिन्यांत त्यांच्या दोन बॅटऱ्या गेल्या. पहिली त्यांनी दुसरीकडून घेतली होती, दुसरी माझ्याकडून. ऐन लग्नसराईत आले होते, दुकानात माणसं खोळंबलेली. मी जुनी काढली, नवी बसवली, पैसे घेतले आणि पुढच्या गाडीला हात घातला. मीटर कडेच्या खणात होता, तो खणातच राहिला.

तीन महिन्यांनी गुरुजी ती बॅटरी पिशवीत घालून घेऊन आले. तव्यावरची भाकरी फुगावी तशी दोन्ही अंगांनी टम्म. "तुमचा माल हलकाय, बरं का." मी माल बघतोय आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालतोय, कारण अशी फुगलेली बॅटरी आपण होऊन फुगत नाही, तिला कोणीतरी फुगवतं. विचारलं, गुरुजी, मध्ये हेडलाइटचा बल्ब उडाला होता का? "दोन उडाले. आपले रस्तेच तसले."

रस्त्याचा काही दोष नव्हता. दुकानातली चांगली बॅटरी लावून इंजिन चालू केलं, मीटर टर्मिनलला लावला आणि हळूहळू रेस वाढवली. १४.५ झाले, १५.१ झाले, १५.८ वर मी गाडी बंद केली. आरआर युनिट, म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायर, गेलेलं. इंजिनातली कॉइल प्लेट जी वीज तयार करते, ती एसी असते. हे युनिट तिला डीसी करतं आणि साधारण साडेचौदा व्होल्टच्या वर जाऊ देत नाही. ते रोखायचं थांबलं की बॅटरीतलं पाणी फुटून त्याचा वायू होतो, बॅटरी तापते, सुकते, फुगते. सीलबंद बॅटरीत वरून पाणीही घालता येत नाही. गुरुजींनी आणखी दहा बॅटऱ्या बसवल्या असत्या, तरी दहाही फुगल्या असत्या. युनिट बदललं, ते बॅटरीपेक्षा स्वस्तात आलं. माझ्या बॅटरीचे पैसे मी परत दिले. ते त्यांनी घेतले, आणि वर अर्ध्या तासाचं व्याख्यानही दिलं.

तेव्हापासून तीन आकडे कागदावर लिहिल्याशिवाय मी बॅटरी विकत नाही. तीन-चारशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर यासाठी पुरतो. डीसीच्या २० वर ठेवायचा, लाल काडी प्लसला, काळी मायनसला.

पहिला आकडा सकाळचा, चावी न लावता. १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे पोट भरलेलं, सीलबंद बॅटरी त्याहून थोडं जास्तही दाखवते. १२.४ ला पाऊण, १२.२ ला अर्धी. १२ च्या आसपास किंवा खाली असेल तर आजच चार्जिंगला लावा, उद्यावर टाकू नका. गाडी चालवून आल्या आल्या मोजू नका, तेव्हा बॅटरी खोटं बोलते. मी रात्रभर थांबतो. घाईवाल्यांनी निदान तीन-चार तास थांबावं.

दुसरा आकडा सेल्फ दाबलेला असताना. आकडा साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी थकलीय किंवा टर्मिनल सैल आहे. तिसरा गाडी चालू असताना, हेडलाइट लावून, तीनेक हजार आरपीएमला. साडेतेरा ते साडेचौदा हवा. तेराच्या खाली असेल तर चार्जिंगच होत नाही, कॉइल किंवा वायर बघा. पंधराच्या वर असेल तर गुरुजींची आठवण काढा.

रात्रभर चार्ज करूनही बॅटरी साडेदहावरच घुटमळत असेल, तर तिचा एक सेल बसलाय. आत सहा सेल, एकेक साधारण २.१ व्होल्टचा. एक गेला की घासाघीस करून उपयोग नाही, ती खरोखर गेली.

पाणी, अ‍ॅसिड आणि बाकीचे प्रयोग

झाकणवाल्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं नाही, आरओचं नाही, फ्रीजच्या बाटलीतलं तर नाहीच. आरओच्या पाण्यातही क्षार उरतात, ते प्लेटींना खातात. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा आमच्याकडेही टँकरवरच दिवस चालले होते. त्या उन्हाळ्यात एकाने टँकरचं पाणी घातलेली बॅटरी आणली. रागावलो तर म्हणाला, "मानसाला न्हाई, तिला कुठून आनू?" उत्तर नव्हतं माझ्याकडे. बॅटरी मात्र दोन महिन्यांत गेली.

"पावर वाढावी" म्हणून अ‍ॅसिड घालणाऱ्यांना हात जोडतो. उन्हाने आणि चार्जिंगने पाणी उडतं, अ‍ॅसिड आतच राहतं. त्यात आणखी अ‍ॅसिड घातलं की प्लेटी गळायला लागतात.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा. सोड्याचं पाणी झाकणातून आत जाऊ देऊ नका. सुकल्यावर बोल्ट घट्ट करा आणि मग वरून व्हॅसलीन. आधी व्हॅसलीन आणि मग बोल्ट, असं करून माझ्याकडे येऊ नका.

काढताना आधी मायनस, लावताना शेवटी मायनस. पाना टाकीला टेकून एकदा ठिणगी उडाली की हे जन्मभर लक्षात राहतं.

सीलबंद बॅटरीचं वरचं झाकण स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून "जरा पाणी बघू" म्हणणाऱ्यांविषयी मला काही बोलायचं नाही.

नवी बॅटरी, जुनी घाई

दसऱ्याच्या दिवशी पूजेआधी बॅटरी हवी असते. अ‍ॅसिड भरायची नवी बॅटरी असेल तर भरल्यावर अर्धा तास मुरू द्यावी लागते, मग लेबलवर लिहिलंय तेवढा वेळ पहिलं चार्जिंग. सहसा पाच ते दहा तास. ते न करता बसवली तर ती जन्मभर अर्ध्या पोटीच राहते. मी सांगतो, संध्याकाळी या. ते म्हणतात, समोरचा दहा मिनिटांत देतोय. मग समोरच्याकडे जा बाबा, पुढच्या दसऱ्याला भेटूच.

तीच गत चार्जरची. दुचाकीची बॅटरी चार-पाच एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास, आत किती वीज मावते त्याचं माप) असते, तिला करंट द्यायचा एक दशांश, म्हणजे अर्धा अँपिअर, आणि रात्रभर. ट्रॅक्टरच्या बॅटरीचा चार्जर लावून "तासात फुल्ल" करणारे आतल्या प्लेटी भाजून ठेवतात.

उन्हाचंही एक सांगून ठेवतो. दहा अंशांनी तापमान वाढलं की बॅटरीतली रासायनिक झीज जवळपास दुप्पट होते. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंश म्हणजे नेहमीचंच, त्यात गाडी पत्र्याखाली. बॅटरी मरते तेव्हा, पण इंजिन गरम असल्याने सेल्फ कसाबसा उचलतो. डिसेंबरात थंडीने ऑइल घट्ट होतं, बॅटरीचाही जोर कमी पडतो, आणि तेव्हा सगळे म्हणतात, थंडीने गेली. म्हणून मी गिऱ्हाइकांना पावसाळा संपता संपता मोजायला बोलावतो. फार थोडे येतात.

महिनोन् महिने उभी गाडी

आमच्या भागातली ही खास चूक. दिवाळी झाली की वडवणी, धारूर, पाटोद्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. गाडी घरी, गोठ्याच्या कडेला, वर ताडपत्री. परत येतात गुढीपाडव्याच्या पुढेमागे. मग माझ्या दुकानात आठवडाभर जत्रा.

त्यातल्या एका गाडीची बॅटरी मीटरवर ४ व्होल्ट दाखवत होती. गाडीवाला म्हणाला, "आसं कसं? आबा तर दर आठ दिसाला चालू करायचे." आबांनी खरंच मन लावून केलं होतं. दर सोमवारी सेल्फ मारायचा, दहा मिनिटं जागच्या जागी चालू ठेवायची, बंद करायची. वाईट याचंच वाटतं. १ एप्रिल २०१७ नंतरच्या गाड्यांना हेडलाइट बंद करायचं बटणच नाही, त्यामुळे जागेवर मंद चालणाऱ्या इंजिनाची बरीचशी वीज दिव्यातच जाते. बॅटरीला उरतं जेमतेम. सेल्फने घेतलेलं फिटायच्या आत आबा चावी काढत होते. आठवड्याला थोडं थोडं कर्ज चढत गेलं.

भरीला गाडी बंद असतानाही वीज गळते. घड्याळ, इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, कुठे अलार्म. नुसता १ मिलिअँपिअर गळला तरी महिन्याला ०.७२ एएच जातात, आणि लहान गाडीची बॅटरी असते तीन-चार एएचची. गाडीला जीपीएस ट्रॅकर असेल आणि तो १० मिलिअँपिअर घेत असेल, तर ३ एएचची भरलेली बॅटरी बारा-तेरा दिवसांत रिकामी. रिकामी राहिली की प्लेटींवर सल्फेटचे खडे जमतात आणि घट्ट होतात. मग चार्जर लावा नाहीतर नवस बोला, ती करंट घेत नाही. आबांच्या गाडीची दोन रात्री लावून बघितली, नाही घेतला.

यावर उपाय अगदी साधा. जाण्याआधी फुल्ल चार्ज करा, मायनसची वायर काढून तिला चिकटपट्टी गुंडाळा. घड्याळ पुन्हा लावावं लागेल, एवढंच नुकसान. त्याहून बरं म्हणजे बॅटरीच काढून घरात सावलीला ठेवा आणि महिन्या-दीड महिन्याने रात्रभर चार्जिंगला लावा. घरी चार्जर नसेल तर माझ्याकडे ठेवा. माझ्या मागच्या फळीवर दिवाळीनंतर अशा बॅटऱ्या येऊन बसतात, खडूने गावाचं नाव लिहिलेल्या. फळी लाकडाची आहे, कारण माझे उस्ताद म्हणायचे, फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते. आताच्या प्लॅस्टिकच्या डब्यांना फरशीने काही होत नाही. मीही ते गिऱ्हाइकांना सांगतो, आणि स्वतः मात्र फळीवरच ठेवतो.

राहिलेलं थोडक्यात

सेल्फ पाच सेकंदांच्या वर दाबू नका, मध्ये दहा-पंधरा सेकंद दम घेऊ द्या. किक असेल तर सकाळची पहिली किकच मारा.

ट्रकचा हॉर्न आणि चार जादा एलईडी लावायच्या असतील तर निदान रिले आणि फ्यूज तरी टाका. हेडलाइटची वायर सोलून जोडलेलं काम मी परत सोलत बसत नाही.

ट्रॅक्टरला वायर जोडून दुचाकी चालू करायची वेळ आलीच, तर ट्रॅक्टर बंद ठेवा. चालू ट्रॅक्टरच्या जोरावर गाडीचा कॉम्प्युटर जाळलेला मी बघितलाय, त्याच्या किमतीत चार-पाच बॅटऱ्या आल्या असत्या.

उतारावरून ढकलून दुसऱ्या गिअरवर चालू करायची युक्ती कार्ब्युरेटरच्या गाड्यांची. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांपैकी बहुतेकींना टाकीतला पेट्रोलचा पंप आणि कॉम्प्युटर चालवायलाच वीज लागते. बॅटरी पूर्ण झोपली असेल तर घाट उतरलात तरी इंजिन पेटणार नाही, आणि येताना तोच घाट ढकलत चढावा लागेल.

जुनी बॅटरी फोडून शिसं विकायच्या भानगडीत पडू नका, अ‍ॅसिड बांधावर ओतू नका. नवी घेताना जुनी दुकानात जमा करा, तिचे पैसे बिलातून वजा होतात. आणि ती जमा करायच्या आधी एकदा माझ्यासमोर मोजू द्या. मागच्या महिन्यात अशाच एका जुन्या बॅटरीने सकाळी १२.७ दाखवले. सैल होता तो मायनसचा बोल्ट. गिऱ्हाइकाकडून दहा रुपये घेतले आणि नवी बॅटरी परत खोक्यात ठेवली.