वन बीएचकेमध्ये ऑफिस थाटताना

मी नाशिकमध्ये घरूनच छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहिते, जीएसटीची रिटर्न्स भरते. घरून काम सुरू करणाऱ्या मैत्रिणी पहिला प्रश्न खुर्चीचा विचारतात. माझं म्हणणं, खुर्ची नंतर. आधी अशी जागा शोधा जिथला पसारा संध्याकाळी आवरावा लागणार नाही. जेवणाच्या टेबलावरचं ऑफिस रोज मांडायचं, रोज उचलायचं, आणि त्यात बिलांची चळत एकदा विस्कटली की तारखेप्रमाणे लावण्यात तास जातो. साडेतीन फूट रुंद आणि दोन फूट खोल एवढी जागा पुरते. कपाटाशेजारची भिंत चालेल, बंद केलेली बाल्कनीही चालेल. हॉल मात्र टाळा, टीव्ही, पाहुणे आणि दारावरची बेल सगळं तिथेच असतं.

टेबल सुताराकडून करून घेणार असाल तर उंची स्वतः सांगा, नाहीतर तो सवयीने ३० इंचाचं करून मोकळा होतो. बेताच्या उंचीच्या बाईने त्यावर दिवसभर कीबोर्ड बडवला तर खांदे सतत उचललेले राहतात आणि रात्री मान धरते. माप घ्यायची रीत सोपी आहे. तळपाय जमिनीला पूर्ण टेकतील असं खुर्चीत बसा, खांदे सैल सोडा, हात कोपरात काटकोनात ठेवा आणि कोपरापासून जमिनीपर्यंत कुणाला तरी टेप लावायला सांगा. माझं माप २५ इंच भरलं. मांड्यांना जागा राहावी म्हणून मी टेबल २६ इंचाचं करून घेतलं आणि खाली ड्रॉवर काढू दिला नाही. सुतार हुज्जत घालतोच, आपण ऐकायचं नाही.

टेबल घरात आधीचंच असेल तर खुर्ची वर घ्या आणि पायांखाली जेवायचा लाकडी पाट ठेवा. लॅपटॉपखाली जाड पुस्तकं रचून स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा, कीबोर्ड आणि माउस वेगळे घ्या. या दोन वस्तूंवरचा खर्च महागड्या खुर्चीच्या आधी करावा, असं माझं ठाम मत आहे. खिडकी बाजूला हवी; समोर असली तर डोळे दिपतात, पाठीमागे असली तर स्क्रीन चमकते.

विजेची सोय पावसाळ्याआधी करा. लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण वीज गेली की राउटर बंद पडतो आणि रिटर्न अर्ध्यावर लटकतं. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन्ही त्यावर घ्यायला विसरू नका. डेस्कटॉप वापरत असाल तर साधा यूपीएस काही मिनिटंच देतो. तेवढ्यात डेटा सेव्ह करून मशीन नीट बंद करायचं. टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप रोज, काम थांबवताना. उद्यावर ढकलायचा नाही.

खरी कसोटी असते ती ‘तू घरीच आहेस ना?’ या वाक्याची. सिलिंडर आला, शेजारच्यांचं कुरिअर आलं, कुणाची किल्ली ठेवून घ्यायची, सगळं आपल्याकडे. त्यावर चिडून काही होत नाही, माणसांना आपलं काम दिसावं लागतं. आमच्याकडे दूधवाल्याचे खाडे ज्या कॅलेंडरवर लिहितो, त्यावरच मी दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेला लाल गोल करते. ११ ला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या तपशिलाचं रिटर्न, २० ला ३बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न. उशीर झाला तर दुकानदाराला लेट फी आणि व्याज पडतं, हे मी सासूबाईंना एकदा नीट बसून सांगितलं. आता भिशीची तारीख ठरवायच्या आधी त्याच कॅलेंडर बघतात. शेजारणींनाही त्याच सांगतात, ‘तिचं काम चालू आहे, दोननंतर ये.’ माझी वेळ सकाळी दहा ते दोन आणि मग साडेतीन ते सहा. मधला वेळ जेवण आणि मुलांचा, त्यात फोन घेत नाही. कामाच्या वेळात मात्र दर तासाला उठते, खिडकीतून लांबचं झाड बघते, पाणी पिते. डोळ्यांना खरंच आराम पडतो.

शेवटचं, पण हिशेबाचं काम करणाऱ्यांनी अजिबात टाळू नये असं: कागद. दुकानदार बिलं कॅरीबॅगमध्ये कोंबून आणतात. ती घ्यायचा आठवड्यातला एकच वार ठरवा आणि प्रत्येक दुकानाची वेगळी बॉक्स फाइल ठेवा. पाठीवर नाव न घालता नंबर घाला, कारण नाशिकसारख्या गावात पाहुणा म्हणून आलेला माणूस कुणाच्या तरी ओळखीचा निघतोच. काम झालं की मूळ बिलं सही घेऊन परत करा. तोवर ती कुलूपबंद कपाटात राहतील आणि किल्ली आपल्याकडेच राहील.