घड्याळाचा पट्टा घरी बदलताय? या चुका टाळा

पट्टा बदलणं पाच मिनिटांचं काम आहे, मान्य. पण त्या पाच मिनिटांत मित्रमंडळी जे करून ठेवतात, ते निस्तरण्यात माझे रविवार जातात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पिन बसली असं गृहीत धरणं. घड्याळाच्या केसला, म्हणजे डायल-काच ज्यात बसते त्या डबीला, वर-खाली जी दोन-दोन शिंगं असतात ते लग. त्यांच्या आतल्या बाजूला बारीक भोकं असतात आणि पट्ट्यातल्या स्प्रिंगच्या पिनेची टोकं त्यात अडकतात. एक टोक भोकात गेलं आणि दुसरं नुसतं कडेवर टेकून राहिलं, तरी वरून सगळं झकास दिसतं. मी हे स्वतः भोगलंय. वडिलांच्या एचएमटीला नवा पट्टा लावला, घाईत होतो, ‘टक्’ असा आवाज आला की नाही ते ऐकलंच नाही. दुसऱ्या दिवशी स्कूटरला किक मारली आणि मनगट एकदम हलकं झालं. घड्याळ फरशीवर. काचेला तडा, सेकंदकाटा निखळून डायलवर आडवा. वडील काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. तेव्हापासून माझा नियम एकच: पिन बसली की पट्टा किंचित डावी-उजवीकडे हलवायचा, मग केस धरून दोन्ही भाग जोरात ओढायचे. सुटायचंच असेल तर टेबलावर, खाली घडी घातलेल्या टॉवेलवर सुटू दे.

दुसरी चूक मापाची. दोन शिंगांमधलं अंतर बहुतेकदा १८, २० किंवा २२ मिमी असतं, आणि मुद्दाम छळायला १९ सुद्धा. शाळेच्या पट्टीनं मोजून ‘वीसच असेल’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, बारीक माप घेणारा व्हर्नियर कॅलिपर हातात देतो. वीसचा पट्टा एकोणीसमध्ये कोंबला की कडा चुरगळतात. अठराचा पट्टा विसात लावला की तो पिनेवर सरकत राहतो. पिनेची जाडीही बघा. सेइको कंपनीच्या बऱ्याच डायव्हर, म्हणजे पाणबुड्यांसाठीच्या, घड्याळांत २.५ मिमी जाडीची पिन लागते, भोकंही तशीच मोठी. तिथं नेहमीची बारीक पिन घातली की ती खुळखुळते.

सुरी, कंपासचं टोक, नेलकटर यांनी पिन काढू नका. हत्यार निसटतं आणि लगवर कायमचा ओरखडा उठतो. पिनेचं हत्यार स्वस्त मिळतं. तेवढेही पैसे जिवावर येत असतील तर दुकानात जा. लगवर चिकटपट्टी लावून घ्या आणि काम परातीत करा, पिन उडाली तर निदान सापडेल.

पिन टिकत नाही म्हणून इन्स्टंट ग्लू? नाही. कधीच नाही.

स्टीलच्या चेनच्या काढता येणाऱ्या कड्यांवर बहुतेकदा आतून बाण असतात. कड्या जोडणारी पिन बाणाच्या दिशेनं बाहेर, उलट दिशेनं आत. काही चेनमध्ये पिनेवर तांदळाच्या कणीएवढी नळी असते, ती घरंगळली की चेन ढिली. आधी मोबाइलवर फोटो काढा.

पट्ट्याचा बकलवाला भाग डायलवरच्या बारा आकड्याच्या बाजूला येतो. हेही सांगावं लागतं.

शेवटचे वीर म्हणजे फिक्स बारवाले. ब्रिटिश सैन्याच्या जुन्या घड्याळांत स्प्रिंगच्या पिनेऐवजी बार, म्हणजे दांड्या, केसलाच पक्के केलेले असत, म्हणून अखंड नायलॉनचा पट्टा दोन्ही बारांखालून ओवायचा. एकानं तसलं घड्याळ आणलं होतं. स्प्रिंग दाबली जात नाही म्हणून पक्कड लावून बार वाकवलेला. वर मलाच विचारतो, “यात पिन कुठली बसेल?”