रोजचाच रस्ता, पण दुसऱ्याच्या डोळ्यांनी

तेच तेच रस्ते बघून कंटाळा आला असेल तर चालताना मनातल्या मनात कुणीतरी दुसरं व्हा, पण नुसता पर्यटक नको, काहीतरी काळजी असलेला माणूस धरा. म्हणजे नाशिकच्या गोदाघाटावर पावसाळ्यात दुकानदार व्हा, मग ज्यावरून गोदावरीचा पूर मोजतात तो दुतोंड्या मारुती नुसती मूर्ती राहत नाही, पाणी त्याच्या गुडघ्याला आलं की कमरेला, माल कधी हलवायचा, हेच डोक्यात सुरू होतं. काळाराम मंदिराच्या दारात 1930 च्या दलितांच्या मंदिरप्रवेश सत्याग्रहातला माणूस होऊन उभे राहा, कोरीवकाम बाजूलाच राहतं आणि आधी दरवाजा दिसतो. गुडघेदुखीवाली आजी झालात तर घाटाला कठडा कुठेय ते शोधाल. एका फेरीला एकच माणूस हां, नाहीतर सगळी खिचडी होते.