टाळेबंदीत सीमाभागातील घरांनी टाळाव्यात अशा चुका

२०२० आणि २०२१ च्या कोरोनाच्या टाळेबंदीत कर्नाटकातील बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील मराठी घरांना जे हाल सोसावे लागले, त्यातले काही टाळता आले असते. साथ पुन्हा केव्हा येईल हे कोणाच्या हाती नाही; पण घरातल्या माणसांनी कोणती माहिती प्रमाण मानावी आणि आजाऱ्याला कोठे झोपवावे, हे आधीच ठरवून ठेवणे आपल्या हाती आहे.

पहिली चूक खास आपल्या भागातली आहे. आपल्याकडे बातम्या मुंबई-पुण्याच्या वाहिन्यांवर पाहिल्या जातात आणि नियम मात्र बेंगळुरूहून येतात. २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात किराणा दुकानांना सकाळी ७ ते ११ ही वेळ होती, तर त्याच महिन्याच्या अखेरीस कर्नाटकात लागू झालेली वेळ ६ ते १० होती. टीव्हीवर पाहून साडेदहाला पिशवी घेऊन निघालेल्या माणसाला बंद दुकान आणि चौकातला पोलीस, दोन्हींना तोंड द्यावे लागले. त्यानंतर जूनमध्ये राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत निर्बंध सैल झाले, तरी बेळगाव ज्या ११ जिल्ह्यांत ते कायम राहिले त्यांत होते. म्हणजे राज्याची बातमीदेखील पुरेशी नव्हती. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश हाच शेवटचा मानावा. तो कन्नडमध्ये निघतो, म्हणून गल्लीतल्या कन्नड वाचता येणाऱ्या एखाद्या मुलाकडून किंवा मुलीकडून तो नीट वाचून घ्यावा आणि त्याची तारीख पाहावी. पुढे पाठवलेल्या संदेशावर विसंबून राहू नये.

सीमा ओलांडण्याबाबतही हीच गफलत झाली. कोल्हापूर आणि मिरजेच्या डॉक्टरांकडे वर्षानुवर्षे जाणारी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. जाताना फारशी अडचण आली नाही, म्हणून येतानाही येणार नाही, असे गृहीत धरून लोक निघाले. फेब्रुवारी २०२१ पासून महाराष्ट्रातून कर्नाटकात येणाऱ्यांना ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर या कोरोना चाचणीचा निगेटिव्ह अहवाल मागितला जाऊ लागला, त्यामुळे कोगनोळी नाक्यावर किंवा बाची-शिनोळीच्या रस्त्यावर येऊन थांबण्याची पाळी आली. निघण्यापूर्वी परतीचा विचार करावा. डॉक्टरांची चिठ्ठी, रुग्णाचे आधार कार्ड आणि जुने कागद एकाच पिशवीत ठेवावेत. रक्तदाब, मधुमेह किंवा थायरॉईडच्या गोळ्या चालू असतील, तर चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे. नेहमीची कंपनी मिळाली नाही तरी त्याच घटकाची गोळी स्थानिक दुकानातून मिळू शकते आणि केवळ औषधासाठी सीमा ओलांडावी लागत नाही.

आजाऱ्याला घरात कोठे ठेवावे, या बाबतीत झालेली चूक मला सर्वांत गंभीर वाटते. शहापूर, वडगाव आणि आसपासच्या खेड्यांतील जुनी घरे लांबट असतात: पुढे सोपा, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर, न्हाणी आणि शेवटी परसू. भिंती दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांना लागून असल्यामुळे मधल्या खोलीला खिडकी नसते. वडगावच्या कित्येक विणकर घरांत मागही याच घरात असतो, त्यामुळे मोकळी जागा आणखी कमी. अशा घरात आजारी माणसाला ‘मध्ये सुरक्षित राहील’ म्हणून माजघरात झोपवले जाते आणि घरातला प्रत्येक जण न्हाणीकडे जाता-येता त्याच्याजवळून जातो. कोरोनाचा विषाणू बंद, कोंदट हवेत अधिक सहज पसरतो, म्हणून ही निवड नेमकी उलटी ठरते. आजाऱ्याची खाट सोप्यावर रस्त्याकडच्या खिडकीजवळ लावावी, किंवा परसात खोली असेल तर तेथे, आणि बाकीच्यांनी दुसऱ्या टोकाला राहावे. न्हाणी एकच असेल, तर आजाऱ्याने सर्वांच्या शेवटी वापरावी आणि नंतर दार-खिडकी काही वेळ उघडी ठेवावी. त्याच्याजवळ जाणारी व्यक्ती एकच असावी आणि त्या वेळी दोघांच्याही तोंडाला मास्क असावा. बहुतेक घरांत ही जबाबदारी न विचारता सुनेवर पडली, तिला स्वतःला ताप आला तरी स्वयंपाक थांबला नाही. हे थांबले पाहिजे.

रक्तातील ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर बोटाला लावताना बोट थंड असेल किंवा नखावर मेंदी अथवा नेलपॉलिश असेल, तर आकडा चुकू शकतो. हात चोळून गरम करावा, स्वस्थ बसावे आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. तो पुन्हा पुन्हा ९४ च्या खाली येत असेल, तर काढा आणि वाफेवर दिवस न काढता डॉक्टरांना कळवावे. दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची स्टेरॉईडची गोळी तापाच्या पहिल्या दिवसापासून घेणे अत्यंत धोक्याचे आहे. दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीचे रुग्ण वाढले, त्यामागे अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉईडचा अवाजवी वापर ही मोठी कारणे होती.

स्वच्छतेच्या नावाखाली भाजी साबणाने धुणे किंवा तिच्यावर जंतुनाशक फवारणे चुकीचे आहे. वाहते साधे पाणी पुरते. फरशी पुसण्यासाठी बाजारातील ५ टक्के हायपोक्लोराईटच्या एका भागात ४९ भाग पाणी घालावे आणि त्यात संडास धुण्याचे ॲसिड कदापि मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. सॅनिटायझर चुलीजवळ किंवा गॅसजवळ वापरू नये. ज्या गल्ल्यांत नळाला काही दिवसांआड पाणी येते, तेथे हात धुण्यासाठी पिंपात तांब्या बुडवण्याची सवय असते. त्यामुळे साठवलेले सगळेच पाणी अस्वच्छ होते. पिंपाला तोटी बसवून घ्यावी, किंवा दुसऱ्याने वरून पाणी घालावे आणि साबणाने २० सेकंद हात चोळावेत.

मुलांच्या अभ्यासाचेही असेच झाले. शाळा बंद असताना मराठी माध्यमाच्या मुलांसाठी पालकांनी महाराष्ट्राच्या बालभारतीची पुस्तके मोबाईलवर उतरवून घेतली, पण कर्नाटकाच्या मराठी माध्यमाचा अभ्यासक्रम वेगळा आहे आणि त्याची पुस्तके कर्नाटक पाठ्यपुस्तक सोसायटीच्या संकेतस्थळावर मिळतात. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला जेथे रेंज धड लागत नाही, तेथे रेंज असलेल्या नातेवाइकाला सांगून पुस्तक एकदाच उतरवून घ्यावे आणि शक्य असेल तर त्याची छापील प्रत काढावी. घरात फोन एकच असेल, तर तो सकाळी वडिलांबरोबर शिवारात जाणार की मुलीच्या तासासाठी घरी राहणार, हे आदल्या रात्री ठरवावे, आणि शिक्षकांना तशी वेळ सांगून ठेवावी.