लॉगिन परत परत मागतंय, मराठी फॉन्ट पण दिसंनात? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझ्या मावसभावाचं डीटीपीचं छोटं दुकान आहे, लग्नपत्रिका, मंडळांची पावती पुस्तकं असली कामं. गणपतीच्या तोंडावर त्याचा फोन, "दादा, पासवर्ड टाकला की स्क्रीन काळी होतीय आणि परत पासवर्डच मागतंय, काल टाकलेले फॉन्ट पण दिसत नव्हते, फॉरमॅट मारू काय?" मी म्हटलं हात लावू नको, येतो. मशीनवर जुनं लिनक्स मिंट (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम) होतं. फॉरमॅटच्या नादात लोकांचं वर्षाचं काम जाताना बघितलंय म्हणून हे सगळं नीट लिहितोय.

आधी एक गोष्ट ओळखा. "पासवर्ड चुकीचा" असं लिहून येत असेल तर डेस्कटॉप बिघडलेला नाही, कॅप्स लॉक बघा आणि कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर राहिलाय का ते बघा, आपल्याकडं हे लै वेळा होतं. पण पासवर्ड घेऊन स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत तिथंच येत असेल तर पासवर्ड बरोबर आहे, आतला डेस्कटॉप सुरू होता होता पडतोय.

मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा (काही लॅपटॉपवर सोबत एफएन पण). काळ्या स्क्रीनवर युजरनेम मागेल, ते टाकून पासवर्ड टाका, टाईप करताना काहीच दिसत नाही, ते तसंच असतं. इथं आत गेलात आणि एलएस ही फाईलींची यादी दाखवणारी कमांड मारून फोल्डर दिसले की काम जाग्यावर आहे, घाबरायचं कारण नाही.

पहिली कमांड डीएफ, स्पेस, डॅश एच, डिस्कवर किती जागा उरलीय ते कळतं. मुख्य पार्टिशन (डिस्कचा भाग) किंवा होम (तुमच्या फाईलींचा फोल्डर) १०० टक्के भरलं असेल तर लॉगिनच्या वेळी डेस्कटॉपला ज्या बारक्या फाईली लिहाव्या लागतात त्या लिहिताच येत नाहीत आणि तो पडतो. ईएक्सटी४ ह्या डिस्कच्या फॉरमॅटमध्ये साधारण ५ टक्के जागा रूटसाठी (म्हणजे सगळे हक्क असलेल्या मुख्य युजरसाठी) राखून ठेवलेली असते, म्हणून सुडोनं, म्हणजे रूटच्या हक्कानं कमांड मारून, साफसफाई करता येते. सुडो एपीटी क्लीन मारा, आणि होममधल्या ट्रॅशमध्ये काय साठलंय ते बघा, डीटीपीवाल्यांच्या ट्रॅशमध्ये पीडीएफच जीबीच्या जीबी निघतात.

जागा असेल तर एलएस, डॅश एएल, ह्यात प्रत्येक फाईलीचा मालक दिसतो. मालकाच्या जागी आपलं नाव पाहिजे. भावाच्या मशीनवर टिंबापासून सुरू होणाऱ्या एक्सऑथॉरिटी फाईलपुढं (स्क्रीन वापरायची परवानगी हिच्यात असते) रूट लिहिलेलं होतं, कारण फॉन्ट दिसंनात म्हणून कुणीतरी फोनवर सांगितलं सुडो स्टार्टएक्स (डेस्कटॉप रूटच्या हक्कानं चालू करायची कमांड) मार, आणि ह्यानं मारलं. लाईटडीएम, म्हणजे लॉगिनची स्क्रीन दाखवणारा प्रोग्राम, लॉगिन करून देताना त्या फाईलीत लिहायला जातो, मालकी रूटची, लिहिता येत नाही, परत बाहेर. उपाय साधा, एमव्ही कमांडनं त्या फाईलीचं नाव बदला, होम फोल्डर तुमचा असल्यामुळं सुडो पण लागत नाही, पुढच्या लॉगिनला नवीन तयार होते. आयसीईऑथॉरिटी पण रूटची झाली असेल तर तिचं पण तसंच करा. उबुंटूचा लॉगिन प्रोग्राम जीडीएम मात्र ही फाईल होममध्ये ठेवत नाही, तिथं दुसरीकडं शोधायला लागतंय.

आता फॉन्ट. ते पण सुडोमुळंच अडकले होते. पेनड्राइव्हवरून रूट म्हणून कॉपी केले आणि वाचायची परवानगी फक्त रूटलाच राहिली. सीएचमॉड ह्या परवानगी बदलायच्या कमांडनं फाईलींना ६४४, फोल्डरला ७५५ दिलं, मग एफसी-कॅश डॅश एफ मारून फॉन्टची यादी नव्यानं बनवली, आले सगळे. खरं तर आपल्यापुरते फॉन्ट टाकायचे असतील तर होममधल्या डॉट लोकल, शेअर, फॉन्ट्स ह्या फोल्डरात टाका, सुडोची गरजच नाही. मराठीचे किती फॉन्ट आहेत ते एफसी-लिस्ट, स्पेस, कोलन लँग इक्वल एमआर मारून कळतं. यादी रिकामी आली तर डेबियन, उबुंटू, मिंटवर फॉन्ट्स-देवा हे पॅकेज टाका.

चौकोनी डबे दिसतायत का इंग्रजी अक्षरांची खिचडी, ह्यात फरक आहे. डबे म्हणजे मराठी फॉन्टच नाही. खिचडी म्हणजे मजकूर शिवाजी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाईप केलाय, तिथं तोच फॉन्ट टाका नाहीतर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, कॅश कितीही वेळा केली तरी फरक पडणार नाही. ल आणि श हिंदी वळणाचे दिसत असतील तर लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडा, बऱ्याच फॉन्टात दोन्ही वळणं असतात. पत्रिकेत हे दिसतंच, मला तरी खटकतं.

फॉन्ट आणि लॉगिनचं नातं जुनं आहे बरं का. आधीच्या युनिक्स मशीनवर फिक्स्ड नावाचा एक फॉन्ट सापडला नाही तर एक्स सर्व्हर (स्क्रीनवर चित्र उमटवणारा प्रोग्राम) सुरूच व्हायचा नाही, आता तो आतच बांधलेला असतो.

एवढं करून पण लॉगिन फिरत असेल तर सुडो ॲडयूजरनं नवीन युजर काढा. तो आत गेला तर दोष तुमच्या होममध्ये आहे, तिथली टिंबापासून सुरू होणारी एक्ससेशन-एरर्स फाईल (डेस्कटॉपच्या चुकांची नोंद) शेवटून वाचा. तो पण गेला नाही तर दोष सिस्टिमचा, आणि नुकताच कर्नल (सिस्टिमचा गाभा) अपडेट झाला असेल नि एनव्हीडियाचं कार्ड असेल तर मशीन चालू होताना येणाऱ्या ग्रब मेन्यूच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शनमधून आधीचा कर्नल निवडून चालू करा, त्यात आत गेलात की ड्रायव्हर परत टाका.